कानठळ्या बसतात तेव्हा

पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तांब्याच्या भांड्यावर हातोडीचे एकसारखे ठोके देत बारीक खळग्यांची नक्षी उमटवायची, याला तिथे मठारकाम म्हणतात. त्या बोळाकडे वळलं की ठोके आधी कानावर येतात, दुकान नंतर दिसतं. इटलीतल्या व्हेनिस शहरातही अशी एक तांबटवस्ती होती. कामगारांच्या आजारांवर पहिला मोठा ग्रंथ लिहिणारे वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी 1713 साली तिच्याबद्दल लिहून ठेवलं: दिवसभर तांबं ठोकणाऱ्या या माणसांचे कान हळूहळू जड होतात आणि म्हातारपणी ते पार बहिरे होतात. बाहेरच्या ठोक्याने कानाच्या आत नेमकं काय मोडतं, हे मात्र कळायला पुढची दोन-अडीचशे वर्षं जावी लागली.

गंमत अशी की हातोडी आणि ऐरण आपल्या कानातही आहेत. पडद्यामागच्या तीन चिमुकल्या हाडांची नावंच हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब हे शरीरातलं सर्वांत लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटरचं. रात्री सगळीकडे निजानीज झाल्यावर अगदी ऐकू येईल-न येईल असा आवाज होतो, तेव्हा कानाचा पडदा हलतो तो हायड्रोजनच्या एका अणूच्या व्यासापेक्षाही कमी. तेवढी थरथर ही हाडं झेलतात, तिचा जोर वाढवतात आणि आतल्या शंखापर्यंत पोचवतात.

हा शंख म्हणजे कर्णावर्त. वाटाण्याएवढा, सुमारे अडीच वेढ्यांचा, आत द्रव भरलेला. उलगडला तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. त्याच्या आत काय चालतं, हे पाहण्याचा ध्यास बुडापेस्टच्या टेलिफोन प्रयोगशाळेत काम करणाऱ्या गेओर्ग फॉन बेकेशी यांनी घेतला. मृत माणसांच्या कानातले शंख उघडून त्यांनी आतल्या पडद्यावर चांदीचे कण पसरले आणि सूक्ष्मदर्शकाखाली, लुकलुकणाऱ्या उजेडात पाहिलं. आवाज शिरताच त्या पडद्यावरून लाट धावत होती! आणि प्रत्येक स्वराची लाट आपापल्या ठरलेल्या जागी सर्वांत उंच होत होती. बारीक, टिपेचा स्वर दाराशीच. खर्जातला स्वर पार आतल्या टोकाशी. म्हणजे ढोल-ताशा वाजतो तेव्हा ताशाची तर्री शंखाच्या दारात उतरते आणि ढोलाचा घुमारा आतल्या वेढ्यापर्यंत जातो. या शोधासाठी बेकेशींना 1961 चं नोबेल मिळालं.

त्या लाटेवर स्वार झालेल्या असतात केसपेशी. एका कानात सुमारे साडेतीन हजार आतल्या आणि बारा हजार बाहेरच्या. प्रत्येकीच्या डोक्यावर शिडीसारखे चढत्या उंचीचे सूक्ष्म तुरे, आणि एका तुऱ्याचं टोक दुसऱ्याला बांधणारे त्याहूनही नाजूक धागे. लाटेने तुरे झुकले की धागे ताणतात, पेशीचं दार उघडतं, विजेचा इशारा मेंदूकडे निघतो. हे सगळं एका सेकंदात हजारो वेळा.

आतल्या पेशी मेंदूला निरोप देतात. बाहेरच्यांचं काम आणखी विलक्षण: त्या आवाजाच्या तालावर स्वतः आखूड-लांब होतात आणि मंद आवाजाला आतून जोर देतात. त्या इतक्या कामसू आहेत की कान स्वतःच बारीक आवाज बाहेर टाकतो! 1978 मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी कानाच्या नळीत मायक्रोफोन ठेवून तो टिपला. आज नवजात बाळाची श्रवणचाचणी अनेकदा याच आवाजावर होते. बाळ झोपलेलं असतं, काही सांगू शकत नाही. त्याचा कानच उत्तर देतो.

आता वाईट बातमी. माणसाच्या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत. जन्माला येताना मिळतात तेवढ्याच. कोंबडीच्या पिलाच्या केसपेशी मोठ्या आवाजाने मेल्या तरी काही आठवड्यांत नव्या येतात आणि पिलू पुन्हा ऐकू लागतं. 1980 च्या दशकात हे उघड झालं, तेव्हापासून शास्त्रज्ञ विचारत आहेत की पक्ष्यांना जमतं ते आपल्याला का नाही. पेशी नव्याने उगवायला लावणारं औषध आजही बाजारात नाही.

गणपतीच्या मिरवणुकीतून घरी आल्यावर कानात दडे बसतात, बारीक कुईंऽऽ ऐकू येत राहतं. आपल्या भाषेत याला शब्द आहे, कानठळ्या बसणं. तो आपण सहज वापरतो, पण त्यामागे शरीरातली खरी घटना आहे. अती जोराने तुऱ्यांमधले धागे तुटलेले असतात, पेशी थकून सुजलेल्या असतात. धागे बरेचसे पुन्हा जुळतात, सूज उतरते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कान मोकळे होतात आणि आपण म्हणतो, झालं बरं. मीही वर्षानुवर्षं तसंच समजत आले. 2009 मध्ये अमेरिकेतल्या शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. मोठ्या आवाजानंतर उंदरांचे कान चाचणीत पूर्ववत झाले होते, केसपेशीही जागच्या जागी होत्या. पण पेशी आणि चेतातंतू यांच्यामधले जोड मोठ्या संख्येने कायमचे गेले होते. माणसातही असं किती घडतं, यावर संशोधन चालू आहे. मला मात्र तेव्हापासून कानठळ्या ही थट्टेची गोष्ट वाटत नाही.

आवाजाने झालेली इजा बहुधा आधी 4000 हर्ट्‌झच्या आसपास दिसते. स, श, फ ही व्यंजनं ज्या बारीक सुरांवर ओळखली जातात, तो हा आणि याच्या वरचा पट्टा. स्वर खालच्या पट्टीत असल्याने शाबूत राहतात. म्हणून कान जड होऊ लागलेला माणूस म्हणतो, "तुझा आवाज येतोय गं, पण काय म्हणतेस ते कळत नाही." घरच्यांना वाटतं लक्ष नाही, आणि चिडचिड सुरू होते.

डेसिबलचा हिशेबही समजून घ्यायला हवा, कारण तो साध्या बेरजेचा नाही. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. कामगारांसाठीचा एक प्रचलित दंडक 85 डेसिबलला आठ तासांचा आहे. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक. 100 डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. पुण्यातले अभियांत्रिकीचे विद्यार्थी दरवर्षी विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर आवाज मोजतात. 2022 आणि 2023 मध्ये तिथली सरासरी 100 डेसिबलच्या पुढे होती, आणि मिरवणूक चोवीस तासांहून जास्त चालते. फोनचा आवाज पूर्ण चढवला तर इअरफोनही याच घरात पोचतात. लोकल किंवा बसच्या गोंगाटावर मात करायला आपण तो चढवतो, आणि उतरल्यावर कमी करायचं विसरतो. बाहेरचा गोंगाट अडवणारे हेडफोन इथे खरोखर उपयोगी, कारण मग चढवावंच लागत नाही.

ढोल-ताशाचं मला प्रेम आहे. पहिला टोल पडला की अंगावर काटा येतो, आणि तो यायलाच हवा. म्हणून ढोल सोडा असं मी कुणाला सांगणार नाही. कान झाका, एवढंच सांगेन. कापसाचा बोळा जवळजवळ निरुपयोगी आहे. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे घ्या: बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कानाची पाळ वर-मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि फुगेपर्यंत धरून ठेवा. नीट बसला तर वीसेक डेसिबल कमी होतात. पंधरा मिनिटांची मुभा कितीतरी तासांची होते. ताल तसाच ऐकू येतो, छातीतली थरथर तर येतेच. मिरवणूक पाहायला उभे असाल तर स्पीकरच्या भिंतीपासून लांब सरका. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल उतरतात. बाबांच्या खांद्यावर बसलेल्या चिमुकल्यांना बोळे बसत नाहीत, त्यांना कानावर बसणारी जाड टोपणं हवीत.

ढोल-ताशा पथकांचा सराव पावसाळ्यातच सुरू होतो. यंदा निघताना टिपरूबरोबर बोळ्यांची एक जोडी खिशात टाका, आणि शेजारी ताशा वाजवणाऱ्यासाठी दुसरी.