डोळे पुसल्यावर पुढे काय?

दुपारी कादंबरी मिटायची, डोळे पुसायचे आणि चहाचं आधण ठेवायचं. आपण सगळ्याच असं करतो ना? पण त्यापुढे गेलेल्या वाचकभगिनीही होऊन गेल्या आहेत.

अमेरिकेतल्या हॅरिएट बीचर स्टोव यांचं दीड वर्षाचं बाळ १८४९ साली पटकीनं गेलं. ज्या गुलाम आईचं मूल विकलं जातं तिचं दुःख काय असेल, हे त्यांना तेव्हा उमगलं. पुढच्याच वर्षी, पळालेल्या गुलामाला आसरा देणाऱ्यालाही शिक्षा करणारा कडक कायदा झाला. मग सहा मुलांचं करता करता त्यांनी 'अंकल टॉम्स केबिन' लिहिली. आधी ती एका साप्ताहिकात क्रमशः आली. १८५२ साली पुस्तक निघालं आणि वर्षभरात अमेरिकेत तीन लाख प्रती खपल्या.

ब्रिटनमधल्या बायकांनीही ती वाचली. त्यांना मताचा अधिकार नव्हता. तरी 'गुलामगिरी संपवा' असं अमेरिकन भगिनींना विनवणाऱ्या पत्रावर पाच लाखांहून अधिक जणींनी सह्या केल्या. सह्यांचे २६ खंड भरले!

युद्ध होऊन १८६५ साली गुलामगिरी कायद्यानं संपली. एका पुस्तकानं ती संपवली नाही, हे खरं. पण गप्प बसलेल्या घराघरांना त्यानं बोलतं केलं.

तेव्हा मैत्रिणींनो, पुस्तक मिटल्यावर एवढं तरी करू या. शेजारच्या घरी भांडी घासणाऱ्या छोटीची शाळा का सुटली, ते विचारू या.