पाण्याला वास येतोय? येऊ द्या!

‘आज पाण्यात औषध टाकलंय, पिऊ नका गं कोणी!’ पावसाळा लागला की घरोघरी ही हाक ऐकू येते. माझं म्हणणं, घाबरायचंच असेल तर औषधाचा मागमूसही नसेल त्या दिवशी घाबरा. टाकीत मिसळलेला क्लोरीन जंतू मारताना आणि पाण्यातली घाण जिरवताना बराचसा खर्ची पडतो. उरतो तो पुढे फुटक्या पाइपातून शिरणाऱ्या गटाराशी झुंजायला. भारतीय मानकाप्रमाणे हा उरलेला क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. गावचा जलसुरक्षक तो ओटी टेस्टने पाहतो: काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडीनचे (ओटी) थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. ही नळी भरायची ती गावाच्या शेवटच्या घरातल्या नळावर. टाकीखाली उभं राहून पिवळा रंग कुणीही दाखवील.

‘आमच्या विहिरीचं पाणी काचेसारखं नितळ आहे.’ असेल, पण जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. तुरटीने गाळ खाली बसतो, तेवढ्याने पाणी निर्जंतुक होत नाही. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस (गिलाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा संशयाची सुई पाण्याकडेच वळली होती.

क्लोरीनने कॅन्सर होतो, ही भीती मात्र अगदीच हवेतली नाही. पाण्यात कुजलेला पालापाचोळा असेल, तर क्लोरीनशी संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेन तयार होतात. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, पाणी नीट निर्जंतुक न करण्याच्या धोक्यापुढे हा धोका फार लहान आहे. पटकी आणि विषमज्वर काही वर्षानुवर्षं वाट पाहत नाहीत.

म्हणून टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर मूठमूठ ओतायची असंही नाही. ताज्या पावडरीचं माप हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम. आधी बादलीत कालवायची, चुना खाली बसला की वरची निवळी पाण्यात सोडायची आणि अर्धा तास थांबायचं. दमट खोलीत तोंड उघडं पडलेल्या पोत्यातल्या पावडरीचा जोर केव्हाच गेलेला असतो.

आरओवाल्यांनी निर्धास्त राहू नये. आरओ यंत्रातला कार्बन फिल्टर क्लोरीनही काढून टाकतो, त्यामुळे भरून ठेवलेल्या पाण्यावर पहारा उरत नाही. नळाचं पाणी रात्रभर ठेवलं तरी वास बराच उतरतो, नि त्यासोबत पहाराही. तेव्हा भांडं झाकलेलं हवं, पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढायचं आणि दुसऱ्या दिवशी संपवायचं.