मागच्या सीटवर पेशंट असताना

समजा, पावसाळ्यातला शनिवार आहे. कशेळ्याच्या पलीकडच्या एका वाडीतून कळा सुरू झालेल्या बाईला झोळीतून सडकेपर्यंत आणलंय. तिथून पुढे गावातलीच इको. मागे सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलीय, पुढे नवरा. कर्जतच्या चार फाट्यावर मुंबईकर पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागलेली. इकोवाला उलट्या बाजूने गाडी घालतो आणि समोर हवालदार हात आडवा करतो. रांगेतल्या दोघातिघांचे मोबाइल लगेच वर होतात.

पुढच्या अर्ध्या मिनिटात तिघे निर्णय घेतात. चालक ठरवतो काय बोलायचं, हवालदार ठरवतो सोडायचं की थांबवायचं आणि शूटिंग करणारा ठरवतो दोषी कोण. तिघांच्याही डोक्यात काही पक्क्या समजुती असतात आणि त्यातल्या बऱ्याच चुकीच्या असतात.

गैरसमज : गाडीत पेशंट असला की नियम लागू होत नाहीत. दिवे लावले, खिडकीतून पांढरा रुमाल हलवला की झालं.

वस्तुस्थिती : सूट वाहनाला आहे, प्रसंगाला नाही. 2017च्या वाहनचालन नियमावलीनुसार रुग्णवाहिका, अग्निशमन गाडी यांसारखी आपत्कालीन वाहनंच दिवा आणि सायरन चालू ठेवून, पुरेशी काळजी घेत, लाल सिग्नल ओलांडू शकतात, वेगमर्यादा मोडू शकतात, एकेरी रस्त्यावर उलटी जाऊ शकतात. अशा वाहनाला वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम 194ई प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. रुमाल हलवणाऱ्या इकोला यातला कोणताच हक्क मिळत नाही. कर्जत तालुक्यातल्याच माथेरानचं बघा. तिथे मोटारींना बंदी आहे आणि रुग्णवाहिका त्याला अपवाद आहे. रुग्ण घेऊन निघालेली कुठलीही मोटार नव्हे, रुग्णवाहिकाच.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे, तीही पेशंट आहे म्हणून उठत नाही. खोपोलीहून रिक्षाने पनवेलकडे निघालात तर जुना महामार्गच धरावा लागतो. ही अडवणूक नाही. शंभरच्या वेगाने धावणाऱ्या मोटारींमध्ये रिक्षा घातली तर एका पेशंटचे चार पेशंट व्हायला वेळ लागत नाही.

वेगाचं गणितही एकदा करून बघावं. तीस किलोमीटर अंतर ताशी 100 च्या वेगाने 18 मिनिटांत कापलं जातं, 120 ने 15 मिनिटांत. घाबरलेल्या माणसाने, पावसात, रात्री, मागे वळून वळून बघत ही तीन मिनिटं वाचवायची. तीन मिनिटांनी जीव वाचू शकतो, हे मला मान्य आहे. पण तीच तीन मिनिटं 108 ला फोन वेळेत केल्याने, डॉक्टरांना आधी कळवल्याने जास्त खात्रीने वाचतात. 2014 पासून राज्यात चालणारी ही सेवा मोफत आहे आणि तिच्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो.

मात्र वाड्यावस्त्यांवर राहणाऱ्यांना हे नुसतं सांगून भागत नाही. फोनला रेंज नाही, गाडी यायला वाट नाही, म्हणून तर झोळी. अशा वेळी जी गाडी मिळेल ती धरावी लागते. म्हणूनच रस्त्यावरच्या पोलिसाच्या विवेकबुद्धीला मुंबईपेक्षा आमच्या कर्जत-खालापुरात जास्त किंमत आहे.

गैरसमज : पोलिसाच्या हातात काही नसतं. कायदा म्हणजे कायदा.

वस्तुस्थिती : कायद्यानेच त्याच्या हातात बरंच काही दिलं आहे. कलम 130 प्रमाणे गणवेशातल्या पोलिसाने मागितल्यावर लायसन्स दाखवावंच लागतं. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधलं लायसन्सही चालतं. कलम 207 प्रमाणे लायसन्स नसताना, विनानोंदणी किंवा विनापरमिट चालवलेली गाडी तो अडकवून ठेवू शकतो. पण त्याच कलमात पुढे एक परंतुक आहे आणि ते फारसं कुणी वाचत नाही. लायसन्स किंवा परमिट नसेल तर गाडी जप्त करण्याऐवजी नोंदणी प्रमाणपत्र ताब्यात घेऊन पोच देता येते. म्हणजे कागद ठेवून घ्यायचा आणि गाडी जाऊ द्यायची, ही वाट कायद्यानेच मोकळी ठेवली आहे. गाडीची किल्ली हिसकावून घेण्याचा अधिकार मात्र या कलमांत कुठेच लिहिलेला नाही. मागच्या सीटवर बाई कण्हत असताना किल्ली काढून घेतली जाते तेव्हा तिथे कायदा नसतो, नुसता ताठा असतो.

ही विवेकबुद्धी न वापरल्याने काय होतं, ते अमेरिकेत एकदा कॅमेऱ्यात नोंदलं गेलं. मार्च 2009 मध्ये टेक्सासमधला फुटबॉलपटू रायन मोट्स कुटुंबासह रुग्णालयाकडे निघाला होता, त्याच्या सासूबाई अखेरच्या घटका मोजत होत्या. त्याने लाल सिग्नल ओलांडला आणि रुग्णालयाच्या आवारातच डलासच्या एका पोलिसाने त्याला अडवलं. अडवलं यात गैर काही नव्हतं. पेशंट शेवटच्या घटकेला आहे, असं रुग्णालयाकडून आणि दुसऱ्या पोलिसाकडून कळल्यानंतरही तो पावती फाडत राहिला, ते गैर होतं. त्या दहा-पंधरा मिनिटांत सासूबाई गेल्या. पोलीस प्रमुखांनी माफी मागितली, त्या पोलिसाने राजीनामा दिला. थांबवेपर्यंत त्याला काही माहीत नव्हतं. कळल्यावर तो काय करतो, यावरच त्याचा न्याय व्हायला हवा.

गैरसमज : व्हिडिओत दिसलं म्हणजे खरं.

नोव्हेंबर 2017 मध्ये मुंबईत मालाडला वाहतूक पोलिसांनी एक मोटार टोइंग व्हॅनला लावून ओढत नेली. आत एक आई बाळाला दूध पाजत होती. व्हिडिओ देशभर फिरला आणि संबंधित पोलिसाचं लगेच निलंबन झालं. मग दुसरी चित्रफीत बाहेर आली. तीत बाळ आधी गाडीबाहेर दुसऱ्या व्यक्तीकडे असल्याचं दिसत होतं. माणूस आत बसलेली गाडी ओढणं दोन्ही चित्रफितींनंतरही चूकच ठरतं, असं माझं मत आहे. पण पहिल्या चित्रफितीवर ज्यांनी त्या पोलिसाला राक्षस ठरवलं त्यांनी अर्धीच गोष्ट पाहिली होती. चार फाट्यावर मोबाइल वर करणाऱ्यालाही इकोच्या मागच्या सीटवरचं दिसत नसतं. त्याच्या चित्रफितीत एक तर पोलीस निर्दयी असतो, नाही तर इकोवाला माजोरडा.

गैरसमज : ओळख असली की सुटका होते.

होते, आणि त्याची किंमत दुसरेच मोजतात. एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीत जिल्ह्याबाहेर जायला बंदी होती. तेव्हा आमच्या बोरघाटाच्या माथ्यावरून, खंडाळ्याहून, उद्योगपती वाधवान बंधू कुटुंबीय आणि इतरांसह 23 जण पाच गाड्यांनी महाबळेश्वरला गेले. हातात गृह खात्याचे प्रधान सचिव (विशेष) अमिताभ गुप्ता यांचं पत्र होतं आणि पत्रात कारण लिहिलं होतं : कौटुंबिक आणीबाणी. महाबळेश्वरला त्यांना अडवण्यात आलं, गुन्हा दाखल झाला, गुप्तांना सक्तीच्या रजेवर पाठवलं गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते पुण्याचे पोलीस आयुक्त झाले. मला या प्रकरणात सर्वात जास्त सलतात ते ‘कौटुंबिक आणीबाणी’ हे दोन शब्द. त्या दिवसांत ज्यांचं माणूस खरोखर अत्यवस्थ होतं, ते पासासाठी हेच शब्द विनवून सांगत होते.

खोटी आणीबाणी सांगणारा नाक्यावरच्या हवालदाराला संशयी करून जातो. पुढच्या खऱ्या पेशंटला तो संशय भोवतो.

गैरसमज : एकदा चलन फाटलं की संपलं.

नाही. कारण खरं असेल तर ते नंतरही मांडता येतं. द्रुतगती मार्गावर 2024 पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा आहे. कॅमेऱ्याला मागची सीट दिसत नाही आणि दयाही येत नाही. पण ई-चलनावर महाट्रॅफिकच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते, न्यायालयातही जाता येतं. भारतीय न्याय संहितेचं कलम 19 म्हणतं, की गुन्ह्याचा हेतू नसताना, मोठी हानी टाळण्यासाठी सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही. आग पसरू नये म्हणून मधलं घर पाडणाऱ्याचं उदाहरण कायद्यातच दिलं आहे. हा बचाव मोटार वाहन कायद्यासारख्या विशेष कायद्यांनाही लागू होतो, पण सिद्ध तो घेणाऱ्याने करायचा असतो. म्हणून रुग्णालयाचा वेळ लिहिलेला केसपेपर जपून ठेवा. वाटेत कुणाला धडक दिली असेल तर मात्र घाईचं कारण सहसा तारत नाही.

अपघातग्रस्ताला उचलून नेलं तर पोलीस आपल्यालाच अडकवतील, ही भीतीही अजून गेलेली नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 134ए अशा मदत करणाऱ्याला संरक्षण देतं आणि स्वतःचं नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

आता पुन्हा चार फाट्यावर या. इकोवाल्याने काच खाली करावी, आतला दिवा लावावा आणि एकाच वाक्यात सांगावं : “साहेब, बाळंतपणाची पेशंट आहे, उपजिल्हा रुग्णालयात चाललोय, वाट करून द्या.” वाद घालू नये, कुणाला फोन लावून देऊ नये. गाडीचा नंबर लिहून घ्या म्हणावं. हवालदारदादांना एकच विनंती आहे : लायसन्स मागायच्या आधी मागच्या सीटवर बॅटरी मारा. खरं असेल तर नंबर टिपून घ्या आणि शिट्टी मारून रांग बाजूला करा, पावतीचं नंतर बघता येईल. आणि रांगेतल्या पाहुण्यांनो, मोबाइल खिशात ठेवा आणि गाडी जरा डावीकडे घ्या.