खोडदच्या अँटेना आणि काचेतून जाणारी शुद्ध वारंवारता

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी, ही 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना मिळून होणारी एकच दुर्बीण आहे. त्यांपैकी 14 अँटेना सुमारे एक किलोमीटरच्या मध्यवर्ती चौकात आणि 16 अँटेना तीन भुजांवर विखुरलेल्या असून, सर्वांत दूरच्या दोन अँटेनांमधील अंतर सुमारे 25 किलोमीटर आहे. या अँटेनांनी टिपलेले संकेत जोडीजोडीने गुणून, त्यांच्या कलांमधील, म्हणजे तरंगांच्या चढउताराच्या क्षणांमधील फरकावरून आकाशाचे चित्र तयार होते. त्यामुळे आकाशातून आलेला फरक आणि यंत्रणेतच उपजलेला फरक वेगळे ओळखता आले नाहीत, तर चित्र निकामी ठरते.

मूळ रचनेत प्रत्येक अँटेनातील स्थानिक दोलक आकाशातून आलेल्या संकेताची वारंवारता खाली उतरवत असे, आणि हे सर्व दोलक परस्परांशी जुळलेले राहावेत म्हणून मध्यवर्ती केंद्रातून 106 आणि 201 मेगाहर्ट्झचे संदर्भसंकेत ऑप्टिकल फायबरवरून पाठवले जात. लेसरच्या प्रकाशाची तीव्रता या वारंवारतेने कमीजास्त केली जाते आणि दुसऱ्या टोकाला प्रकाशसंवेदी डायोड तिचे पुन्हा विजेत रूपांतर करतो. तांब्याच्या केबलमध्ये असा संकेत किलोमीटरभरातच आपली बहुतांश शक्ती गमावतो. याउलट 1310 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश 14 किलोमीटर काच ओलांडूनही सुमारे एकतृतीयांश उरतो. शिवाय काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे एका अँटेनावर पडलेल्या विजेचा धक्का तारेवरून दुसरीकडे जात नाही, आणि अतिक्षीण संकेत ऐकणाऱ्या दुर्बिणीला तिच्याच केबलमधून गळणाऱ्या रेडिओलहरींचा उपद्रवही होत नाही.

खरी अडचण तापमानाची आहे. काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशाचा वेग काचेत किती पटीने मंदावतो ते सांगणारी संख्या, तापमानाबरोबर किंचित बदलतो, आणि त्यामुळे 14 किलोमीटरच्या फायबरचे तापमान एका अंशाने वाढले तर सुमारे 70 मायक्रोसेकंदांच्या प्रवासाला जवळपास अर्धा नॅनोसेकंद जास्त लागतो. हा काळ नगण्य वाटेल. पण 1420 मेगाहर्ट्झ या हायड्रोजनच्या वारंवारतेवर एका तरंगाचा पूर्ण फेराच 0.7 नॅनोसेकंदांत होतो, म्हणजे कलेत दोनतृतीयांशाहून अधिक फेऱ्याचा फरक पडतो. फायबर जमिनीत खोल पुरण्याचे महत्त्व येथेच कळते, कारण दिवसरात्रीच्या तापमानाची लाट मीटरभर खोलीवर जवळजवळ विरून जाते आणि केवळ ऋतुमानाचा संथ बदल उरतो. हा संथ बदल मोजता येतो: निरीक्षणादरम्यान अधूनमधून दुर्बीण एखाद्या परिचित, बिंदूवत स्रोताकडे वळवली जाते आणि त्याच्या ज्ञात स्थानावरून प्रत्येक अँटेनाची कला दुरुस्त केली जाते.

जलद गोंगाटाला मात्र हा उपाय लागू पडत नाही. लेसरच्या तीव्रतेतील थरथर, आणि फायबरच्या जोडांवरून मागे परतलेला प्रकाश मूळ प्रकाशात मिसळल्याने होणारा व्यत्यय, ही सगळी अशुद्धता संदर्भसंकेतात उतरते, आणि 100 मेगाहर्ट्झचा संकेत 14 पट करून 1400 मेगाहर्ट्झवर नेला, तर कलेतील चूकही 14 पट आणि गोंगाटाची शक्ती जवळजवळ 200 पट वाढते. म्हणून ग्रहणाच्या टोकाला एक शांत स्फटिक-दोलक बसवून तो कलाबंधनाच्या परिपथाने, म्हणजे दोन संकेतांतील फरक सतत तपासून दोलकाला हळूहळू ओढणाऱ्या मंडलाने, फायबरमधून आलेल्या संकेताशी जोडतात. अल्पकाळात स्फटिकाची शुद्धता कामी येते आणि दीर्घकाळात केंद्रातील प्रमाण वारंवारतेचा अंमल चालतो. या दोन जबाबदाऱ्यांची विभागणी कोणत्या काळमर्यादेवर करायची, हा या विद्येतील कळीचा निर्णय म्हणावा लागेल.

पुढे दुर्बिणीचे आधुनिकीकरण झाले, तेव्हा त्याच फायबरवर 1550 नॅनोमीटरच्या आसपासच्या वेगळ्या तरंगलांब्यांची भर घालून, अँटेनांनी टिपलेले रेडिओसंकेत वारंवारता न उतरवता थेट केंद्राकडे आणण्याची सोय करण्यात आली, आणि एकावेळी हाताळता येणारा वारंवारतापट्टा 32 वरून 400 मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला. त्याचबरोबर नवी काळजी आली: 1310 नॅनोमीटरजवळ साध्या फायबरमध्ये अपस्करण, म्हणजे तरंगलांबीगणिक प्रकाशाचा वेग बदलणे, जवळजवळ शून्य असते, परंतु 1550 नॅनोमीटरवर ते ठळक असल्याने लेसर तापून त्याची तरंगलांबी जराशी सरकली तरी संकेताला लागणारा वेळ बदलतो, आणि म्हणून लेसरचे तापमान काटेकोर राखावे लागते. या सुधारित दुर्बिणीने केलेली स्पंदकांची निरीक्षणे 2023 मध्ये जाहीर झालेल्या, अत्यंत संथ गुरुत्वीय लहरींच्या पुराव्यासाठी वापरली गेली.

भारताचा सहभाग असलेल्या स्क्वेअर किलोमीटर ॲरे या प्रकल्पातील दक्षिण आफ्रिकेच्या अँटेना एकमेकींपासून सुमारे 150 किलोमीटरपर्यंत दूर असणार असून, तेथे फायबरच्या टोकावरून प्रकाशाचा काही भाग केंद्राकडे परत पाठवून, जाऊनयेऊन झालेला फरक मोजून, तो पाठवत्या संकेतातच आधी वजा करण्याची पद्धत योजलेली आहे.