मुंबईच्या सागवानाची सुहैली

सुहैली ही 32 फूट लांबीची, दोन डोलकाठ्यांची शिडाची होडी मुंबईत बांधली गेली. 1963 साली काम सुरू झाले आणि डिसेंबर 1964 मध्ये नाळेवर नारळ फोडून ती पाण्यात सोडण्यात आली. आखातातले अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला जे नाव देतात, तेच तिला मिळाले. तिचा मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवरचा तरुण अधिकारी. कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याचा पहिला मान 1969 मध्ये याच होडीने त्याला मिळवून दिला.

तिचा आराखडा मात्र शर्यतीसाठी केलेला नव्हताच. नॉर्वेच्या किनाऱ्यावर वादळात सापडलेल्या मच्छीमारांना वाचवायला कॉलिन आर्चर याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बचावनौका आखल्या. ध्रुवसंशोधक नान्सेनचे ‘फ्राम’ जहाजही त्याचेच. या बचावनौका पुढून जशा निमुळत्या, तशाच मागूनही. त्यामुळे मागून चालून येणारी लाट दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जाते. बुडाखालचा कणा जवळजवळ होडीच्या लांबीइतका, आणि सुकाणू त्याच्याच शेवटाला जोडलेले. अमेरिकन आरेखक विल्यम ॲटकिन याने 1920 च्या दशकात हाच घाट 32 फुटांत बसवला आणि त्याला ‘एरिक’ नाव दिले. सुहैली ही एरिकच.

मुंबईच्या सुतारांनी ती सागवानात घडवली, तीही वाकस आणि दोरीने फिरवायचा सामता अशा जुन्या हत्यारांनी. सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे तो खाऱ्या पाण्यात सहसा कुजत नाही. पण तो जड असतो, आणि एरिकचा घाट मुळातच भारी. हलक्या वाऱ्यात अशी होडी रेंगाळते. शिवाय पाण्यात बुडालेली लांबी जितकी कमी, तितकी वेगाची मर्यादाही खाली येते. पाणरेषेवर सुमारे 28 फूट भरणारी ही होडी ढोबळ हिशेबाने ताशी सात सागरी मैलांच्या पुढे फारशी जात नाही. शर्यतीच्या आरेखकाने तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते.

1968 मध्ये ब्रिटनच्या ‘संडे टाइम्स’ वृत्तपत्राने एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची गोल्डन ग्लोब शर्यत जाहीर केली. नऊ जण निघाले. सुहैलीने 14 जून रोजी इंग्लंडमधले फॅल्मथ बंदर सोडले आणि थोड्याच आठवड्यांत तिच्या बुडाशी पाणी झिरपू लागले. कण्यालगतच्या फळीचा सांधा उघडला होता. नॉक्स-जॉन्स्टनने भर अटलांटिकमध्ये पाण्यात बुड्या मारल्या. सांध्यात नुसता कापूस ठासून बसेना, म्हणून त्याने तो कॅनव्हासच्या पट्टीवर शिवला, पट्टीला डांबर फासले, तांब्याच्या चुका मारून ती सांध्यावर बसवली आणि वरून तांब्याचा पत्रा ठोकला. मध्येच शार्क आला, त्याला गोळी घालावी लागली. लाकडी होडीचा हा मोठाच फायदा: हातोडी आणि चुका असल्या की समुद्रातही डागडुजी होते.

पुढे रेडिओ बंद पडला. वाऱ्याच्या जोरावर आपोआप सुकाणू धरणारे यंत्रही निकामी झाले. इथे लांब कणा कामी आला. शिडे नीट जुळवून बांधली की सुहैली बराच वेळ आपली दिशा आपणच धरून राही, आणि एकट्या माणसाला झोप घेता येई. 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 रोजी ती फॅल्मथला परतली. सरासरी वेग ताशी जेमतेम चार सागरी मैल. तिच्यापेक्षा वेगवान होड्या शर्यतीत होत्या, पण पूर्ण फेरी करून परतली ती एकटी सुहैली. नायजेल टेटलीची तीन सांगाड्यांची होडी शेवटच्या टप्प्यात फुटली. बर्नार मॉयटेसिए शर्यत अर्धवट टाकून ताहितीला निघून गेला.

नंतर काही वर्षे ती ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात होती. तिथल्या कोरड्या हवेत फळ्या आकसू लागल्या, तेव्हा 2002 मध्ये तिला बाहेर काढून पुन्हा पाण्याकडे नेण्यात आले. समुद्राने न केलेले नुकसान संग्रहालयाच्या छपराखाली होऊ लागले होते!

शर्यतीच्या पन्नाशीनिमित्त 2018 मध्ये जुन्या धाटणीच्या होड्यांची शर्यत पुन्हा भरली. तिच्यासाठी गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या ॲक्वेरियस शिपयार्डने सुहैलीची प्रतिकृती ‘तुरिया’ बांधली. नौदलाचे अभिलाष टॉमी तिच्यावर निघाले. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात तुरिया उलटली, डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमींच्या पाठीला गंभीर इजा झाली. मासेमारीवर गस्त घालणाऱ्या ‘ओझिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. त्याच वादळात आयर्लंडच्या एका स्पर्धकाच्या अगदी वेगळ्या आराखड्याच्या होडीचीही डोलकाठी गेली, त्यामुळे सगळा दोष एरिकच्या घाटाला देता येत नाही. 2022 च्या शर्यतीत मात्र टॉमींनी फायबरग्लासची 36 फुटी ‘रसलर 36’ निवडली. कणा तिचाही लांबच, पण बांधणी नव्या काळातली आणि चाल अधिक. एप्रिल 2023 मध्ये ते दुसरे आले.