स्वभाव कीं संप्रेरक ?

घरांतील माणसाच्या वागण्याचा सारा दोष त्याच्या स्वभावावर ढकलण्याची खोड आपल्या कुटुंबांत जुनीच आहे. आम्हीही तिला अपवाद नाहीं. येथें विट्यास आमची धाकटी सून बाळंतपणानंतर सदा थकलेली दिसूं लागली. उन्हाळ्यांतही ती शाल पांघरी, बोलतां बोलतां डुलक्या घेई. घरांतील वडीलधाऱ्यांनीं, म्हणजे मुख्यतः आम्हींच, 'आळस' असें निदान केलें. रक्ततपासणीनें तें खोटें ठरविलें : जिला डॉक्टर थायरॉइड म्हणतात ती कंठांतील अवटु ग्रंथि मंदावली होती.

ही ग्रंथि स्वतंत्र नव्हे. मेंदूच्या तळाशीं हायपोथॅलॅमस नांवाचा लहानसा भाग आहे. तो टी. आर. एच. हें द्रव्य खालच्या पियूषिका ग्रंथीकडे धाडतो, ती टी. एस. एच. रक्तांत सोडते, आणि त्या आज्ञेनें अवटु ग्रंथि थायरॉक्सिन निर्माण करते. अशा द्रव्यांस 'संप्रेरक' म्हणतात. 'ईर्' म्हणजे प्रेरणा करणें या धातूवरून बनलेलें हें नांव अन्वर्थक आहे. अवटु ग्रंथि थकली म्हणजे वरून येणारी आज्ञा वाढत जाते. म्हणूनच डॉक्टर प्रथम टी. एस. एच. मोजतात.

ही प्रेरणा किती सूक्ष्म असते ! गुंजभर सोनें गाळून काढण्याचे कष्ट विट्याच्या गलाई करणारांस ठाऊक आहेत. अमेरिकेंत रॉजर गीयमँ यांनीं सुमारें तीन लक्ष मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसांतून जेमतेम एक मिलिग्रॅम टी. आर. एच. मिळविलें, तें गुंजेच्या शंभराव्या भागाहूनही कमी! १९६९ मध्यें त्याची घडण उलगडली, आणि १९७७ मध्यें गीयमँ व त्यांचे प्रतिस्पर्धी अँड्र्यू शॅली नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले.

आपल्या महाराष्ट्रांतही हा शोध चालत आला आहे. प्रा. निशिकांत सुभेदार यांनीं प्रथम नागपूर विद्यापीठांत व पुढें पुण्याच्या आयसर संस्थेंत मेंदूंतील अशाच द्रव्यांचा अभ्यास केला. 'कार्ट' हें त्यांतील एक; तें भूक आवरतें. आयसरमधील सहकाऱ्यांसह त्यांनीं २०१४ मध्यें झेब्रा माशाच्या मेंदूंतील कार्टची मांडणी व उपासमारीला मिळणारा त्याचा प्रतिसाद प्रसिद्ध केला. बोटाएवढ्या माशाचें खाणेंही केवळ त्याच्या हावरटपणावर अवलंबून नसतें, तर मग माणसास दूषण देण्यापूर्वीं आपण क्षणभर थांबावयास नको काय ?

प्रत्येक आळशानें संप्रेरकांची ढाल पुढें करावी, असा याचा अर्थ नव्हे. पण चांगलें कामसू माणूस एकाएकीं मंदावलें, तर उपदेशाआधीं तपासणी करावी. आमची सून रोज सकाळीं अनशापोटीं एक बारीकशी गोळी घेते, आणि कांहीं महिन्यांतच ती पूर्ववत् झाली. तिला लाविलेला 'आळशी' हा शब्द मात्र कोणत्याही गोळीनें पुसला जाण्याजोगा नव्हता. तो आम्हांसच तिच्यासमोर, सर्वांदेखत, परत घ्यावा लागला.