नोटा, निरक्षर मतदार आणि ग्रामसभेतले शंभर जण

‘नोटा’ला सगळ्यांत जास्त मतं पडली की निवडणूक रद्द होते, असं मानणारे मतदार पुष्कळ आहेत. लोकसभा आणि विधानसभेपुरतं तरी हे खरं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी हा पर्याय द्यायला सांगितला, तो मतदाराला आपली नापसंती गुप्तपणे नोंदवता यावी म्हणून. ही मतं मोजली जातात, जाहीर होतात, पण त्यांच्यामुळे निकाल बदलत नाही. २०१९ मध्ये लातूर ग्रामीण विधानसभा मतदारसंघात नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता. २०२४ मध्ये इंदूर लोकसभा मतदारसंघात त्याला २ लाख १८ हजारांहून अधिक मतं पडली आणि तिथेही तो दुसराच आला. तो पहिला आला असता, तरी उमेदवारांपैकी ज्याला सर्वाधिक मतं तोच विजयी ठरला असता. मात्र महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी वेगळा आदेश काढला: तिथे नोटा पहिला आला तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. म्हणजे तेच बटण विधानसभेला दाबलं तर नुसती नोंद होते आणि ग्रामपंचायतीला दाबलं तर निवडणूक थांबू शकते. हे ज्याला माहीत नाही त्याचा राग खराच असतो, पण तो नेमका कुठे पोचेल याचा त्याचा अंदाज चुकतो.

राजकीय जाण या शब्दाचा मला अभिप्रेत असलेला अर्थ इथे आहे. कोणत्या पक्षातून कोण फुटला, मंत्रिमंडळात कोणाला कोणतं खातं मिळालं हे तोंडपाठ असणाऱ्याला राजकारण कळतं, असं आपण सहज म्हणतो. त्या माहितीला माझी ना नाही, पण दारापुढचं गटार तुंबलं की ती उपयोगी पडत नाही. मुंबईतल्या रहिवाशाला लोकल पुरवतं ते केंद्र सरकारच्या ताब्यातलं रेल्वे खातं, पोलीस आणि म्हाडा राज्य सरकारच्या हाताखाली, आणि कचरा, गटारं, पाणी महापालिकेकडे. गटारासाठी खासदाराला जाब विचारणारा आणि पोलीस चौकीसाठी नगरसेवकावर चिडणारा, दोघेही ज्याला विचारायला हवं त्याला मोकळं सोडतात. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि पुढे साडेतीन वर्षांहून अधिक काळ देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेचा कारभार प्रशासकाने पाहिला. एवढ्या काळात प्रभागातल्या प्रश्नासाठी निवडून दिलेला एकही माणूस उत्तरदायी नव्हता. याच काळात राज्याच्या विधानसभेत झालेल्या सत्तांतराची जितकी चर्चा घराघरांत झाली, तितकी याची झाली नाही, आणि ही गोष्ट मला त्या सत्तांतराइतकीच गंभीर वाटते.

यावर हमखास येणारं उत्तर असं: लोक शिकले की हे आपोआप कळेल, तोवर अडाण्यांच्या मतांवर राज्य चालणार. हा गैरसमज जुना आहे आणि त्याचं खंडनही तितकंच जुनं. सायमन कमिशनच्या काळात मुंबई प्रांतिक समितीचे सदस्य असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२९ मध्ये स्वतंत्र अहवाल दिला आणि प्रौढ मताधिकार मागितला. निरक्षर माणूस बुद्धिहीन असतो हे गृहीतच चूक आहे, आणि अक्षरओळख झाल्याने राजकीय शहाणपण येतं हेही चूक, असा त्यांचा मुद्दा होता. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी मतदार होते आणि त्यांतले बहुसंख्य निरक्षर होते; पक्षांना चिन्हं दिली गेली ती यासाठीच.

याहून बोलका दाखला गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातला आहे. मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाने ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट चालवला. निर्णय ग्रामसभेने, तोही सर्वसहमतीने घ्यायचा. अभ्यासगटात फक्त चर्चा, गरज पडली तर बाहेरच्या जाणकारांना बोलावून. अशा तयारीवर गावाने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा केला आणि २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. पुढे बांबूच्या वाहतूक परवान्यावरून वन खात्याशी अडलं. बांबू हे लाकूड, असं खात्याचं म्हणणं. कायद्यात मात्र तो गौण वनोपज आहे आणि गावाला ते ठाऊक होतं. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. कायद्यातली एक व्याख्या गावाने नीट समजून घेतली होती आणि ती सोडली नाही. पदवीधरांच्या किती गृहनिर्माण सोसायट्यांना आपल्याला लागू असलेल्या कायद्याची इतकी माहिती असते?

दुसरा आक्षेप मला अधिक वजनाचा वाटतो. माहिती दिल्याने मत बदलतं, याला पुरावा काय? दिल्लीत २००८ च्या विधानसभा निवडणुकीआधी झोपडवस्त्यांमध्ये आमदारांच्या कामाची प्रगतिपुस्तकं असलेलं वर्तमानपत्र वाटलं गेलं. संशोधकांना तिथे मतदान वाढलेलं, पैसे वाटप कमी झालेलं आणि काम करणाऱ्या आमदारांना जास्त मतं पडलेली आढळली. पण पुढे पाच देशांत एकाच धर्तीवर केलेल्या सहा प्रयोगांत, ज्यांचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले, अशा माहितीचा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. हे निष्कर्ष बाजूला सारणं अप्रामाणिकपणाचं होईल. माझं वाचन असं, की निवडणुकीच्या तोंडावर एकट्या मतदाराच्या हातात आलेला कागद फार काही करू शकत नाही. मेंढ्यात माहिती वर्षभर येत होती, दहा जणांत तपासली जात होती, आणि ती वापरायला ग्रामसभा होती.

अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये मांडलेला युक्तिवादही इथेच तपासावा लागतो. लाखो मतांत आपल्या एका मताने निकाल फिरण्याची शक्यता नगण्य, तेव्हा माहिती मिळवण्यात वेळ न घालवणं हाच सामान्य मतदाराचा हिशेबीपणा, असं त्याचं सार. लोकसभेच्या मतदानापुरता हा हिशेब बरोबर आहे. पण नागरिकाचं राजकारण तेवढ्यावर संपत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज एकटा माणूस दहा रुपये भरून करतो आणि तीस दिवसांत उत्तर देणं कार्यालयाला बंधनकारक असतं. उमेदवारावरचे गुन्हे आणि मालमत्ता सांगणारं शपथपत्र कोणालाही वाचायला मिळतं. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मतदाराचा हक्क मानला.

आणि ग्रामसभेत तर एकेका माणसाला वजन असतं. महाराष्ट्रात तिची गणपूर्ती गावातल्या एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी ती. पाच हजार मतदारांच्या गावातही शंभर जण पुरतात. तेवढे न जमल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अटच राहत नाही. समोर पंधरा माणसं असोत की पाच, त्या दिवशी लाभार्थ्यांची यादी मंजूर झाली तर ती गावाची यादी म्हणून पंचायत समितीकडे जाते.